गजन पिनेवरचा उजेड

[शेड, सकाळ. डिझेलच्या डब्यातून बाहेर येणारा पिस्टन, जवळून.]

रात्रभर डिझेलमध्ये भिजलेला हा पिस्टन. डोक्यावर काजळीचा जाड थर. अण्णा तो लाकडाच्या चिपेनं खरवडतात, पातं लावत नाहीत. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, ओरखडा पडला की कायमचा. थर निघत जातो आणि खालून एक बारीक बाण वर येतो. पिस्टनची कुठली बाजू इंजिनाच्या पुढे बसवायची, ते सांगणारा बाण. तेवढ्या जागेवर अण्णा बफिंगचं चाक फिरवत नाहीत, बोटानं पॉलिश करतात. या पिस्टनचा दिवा झाला तरी बाण दिसला पाहिजे.

[शेडबाहेरचा रस्ता, भंगाराचे ढीग.]

नाशिकच्या अंबडमधल्या या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांच्या भागांचे घरगुती दिवे होतात. अण्णांची उमेदीची वर्षं लेथवर गेली. नाशकात असे हात पुष्कळ. सातपूरला गाड्या बनतात. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ इथलीच. शहरातल्या एका चौकाचं नावच मायको सर्कल, डिझेल इंजिनाचे नोझल बनवणाऱ्या कंपनीवरून पडलेलं. आणि त्याच्याही आधीपासून जुन्या नाशकातली तांबट लेन आहे. भांडं काळवंडलं म्हणून कोणी टाकत नसे, कल्हई करून घेत.

भंगारातला पिस्टन एरवी भट्टीत जातो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि नवं ॲल्युमिनियम काढायला लागते त्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा त्याला लागते. धातू वाचतो, हे चांगलंच. पण कोणीतरी मायक्रोमीटर लावून, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवून हा गोल धरला होता. ती मेहनत भट्टीत वाचत नाही. अण्णांचं भांडण तिथं आहे, आणि आमचंही.

[टेबलावर मांडलेले भाग. हात.]

आता जुळणी. खाली ब्रेकची डिस्क. बिडाची, चांगली वजनदार, त्यामुळे दिवा कलंडत नाही. तिच्यावर कनेक्टिंग रॉड, म्हणजे इंजिनात पिस्टनला जोडलेला दांडा, उभा, मोठं तोंड खाली, नटबोल्टनं आवळलेलं. रॉडच्या दोन्ही अंगांना ही लांबट खाच पाहा. वजन कमी राहावं म्हणून ती मुळातच असते. इथं वायर तिच्यात अशी बसते, जणू तिच्यासाठीच ठेवली होती. वर पिस्टन, मधोमध भोक पाडून त्यावर बल्बचा होल्डर. भोकाची कड वायर कापू नये म्हणून रबरी बुश.

आणि ही गजन पिन. इंजिनात पिस्टन आणि रॉडचा सांधा हिच्यावर हलायचा, मिनिटाला हजारो वेळा. अण्णा तो सांधा पक्का करत नाहीत. पिस्टन बोटानं ढकलला की वाकतो, थांबतो. दिव्याचा उजेड हवा तिकडे फिरतो.

[भिंतीवर जीपचा गोल हेडलाइट.]

हा सात इंची हेडलाइट जुन्या जीपचा. आतला आरसा असा वळवलेला असतो की ठरल्या बिंदूवर बल्ब ठेवला तर किरणं सरळ लांब जातात. रस्त्यावर ते बरोबर, खोलीत डोळे दिपतात. म्हणून अण्णा बल्ब त्या बिंदूपासून थोडा सरकवतात. उजेड भिंतभर पसरतो. बल्ब बारा व्होल्टचा, त्यामुळे मध्ये ॲडॅप्टर. घरची २३० व्होल्टची वीज थेट दिली तर बल्ब जागेवर उडेल.

धातूच्या प्रत्येक दिव्याला तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक तंतू, असू शकतो, म्हणून डिस्क कोरडी घासायची नाही, ओली करूनच. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आहे. भंगार वाढतच जाणार.

[पंचवटीतलं घर. संध्याकाळ.]

हा दिवा कालच इथं आला. आजींनी पोथी उघडली आहे. अक्षरांवर सावली पडते. त्या हात लांब करून पिस्टन जरासा खाली वाकवतात.

[निवेदन थांबतं. दिवा, पोथी, बाण.]