सिलॅबस आधी लायब्ररीत आणा

(पडद्यावर: रिकामा वाचनकक्ष. आतल्या खोलीत दिवा चालू, टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे.)

कॉलेजला सुट्टी आहे, बाहेर चिटपाखरू नाही आणि आतल्या खोलीत मात्र नुसती धांदल उडालीय. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीचे हे दिवस म्हणजे लायब्ररीतल्या लोकांचा खरा सीझन, फक्त तो बघायला कुणी नसतं. आपल्याला लायब्ररी आठवते ती परीक्षेच्या तोंडावरची, जागेसाठी भांडणारी मुलं वगैरे. आणि प्राध्यापक मंडळींचं म्हणाल तर बऱ्याच जणांचं लायब्ररीशी नातं म्हणजे कार्डावरची पाचसहा पुस्तकं आणि ती परत करा म्हणून येणारा मेल, संपलं.

तर आपण आज एक कोर्स पकडू, कुठलाही चालेल, आणि तो वर्गात पोचायच्या आधी नि पोचल्यानंतर लायब्ररीत त्याच्यावर काय काय संस्कार होतात ते बघू.

सुरुवात रीडिंग लिस्टपासून. सरांनी लिस्ट पाठवली, बहुतेक वेळा ती मागच्या वर्षीचीच असते, वर्ष बदलून. आता ही लिस्ट घेऊन लायब्ररियन बसल्या की पहिलं काम म्हणजे प्रत्येक ओळ तपासायची. हे पुस्तक आपल्याकडे आहे का, असेल तर कुठली आवृत्ती, कारण सरांनी दिलेले पान नंबर जुन्या आवृत्तीचे आणि कपाटात नवी आवृत्ती असली की मुलं भलताच चॅप्टर वाचून येतात. प्रती किती? एक. वर्गात मुलं किती? साठ. मग ती प्रत रिझर्व्हला टाकायची, म्हणजे घरी न्यायची नाही, काउंटरवरून दोन तासांसाठी घ्यायची, तिथेच बसून वाचायची.

कुणी म्हणेल आता ई-बुकच्या जमान्यात हे कशाला. तर ई-बुकचं लायसन्स ही एक वेगळीच भानगड आहे बरं का. पुष्कळ ई-बुकं अशी असतात की एका वेळी एकच जण उघडू शकतो, नाहीतर तिघं. कागदाचं पुस्तक नाही, जागा अडत नाही, तरी 'सध्या हे पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे आहे' असा मेसेज येतो आणि मुलं वैतागतात. लेक्चरच्या आदल्या रात्री अकरा वाजता सगळा वर्ग एकदम त्याच चॅप्टरवर तुटून पडतो तेव्हा ही गोष्ट कळते, आणि तेव्हा कळून काही उपयोग नसतो. तेच महिनाभर आधी कळलं असतं तर लायब्ररीने जास्त युजरचं लायसन्स घेतलं असतं, किंवा त्याच विषयावरचा दुसरा चॅप्टर सुचवला असता.

(पडद्यावर: कॉम्प्युटर स्क्रीन, जर्नलमधला लेख उघडलेला. कर्सर ॲड्रेस बारवर.)

आता हे जरा जवळून बघा. मॅडमनी कॉलेजात बसून लेख उघडला, वरच्या पट्टीतली लिंक कॉपी केली आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकली. त्यांच्याकडे ती मस्त उघडते. मुलगा घरून क्लिक करतो आणि समोर येतं पैसे भरा. का? तर कॉलेजचं नेटवर्क पब्लिशरला ओळखीचं असतं, घरचं नसतं. शिवाय पट्टीतली ती लिंक कधीकधी फक्त त्या वेळच्या सेशनपुरतीच चालते, दोन तासांनी ती मेली. लायब्ररी काय करते, तर लेखाची कायमची लिंक घेते, ज्याला डीओआय म्हणतात तो नंबर असलेली, आणि तिच्या पुढे कॉलेजच्या प्रॉक्सीचा पत्ता जोडते, म्हणजे मुलाला घरून आधी लॉगिन विचारलं जातं आणि मग लेख उघडतो. अर्ध्या मिनिटाचं काम, पण हे माहीत नसल्यामुळे कितीतरी मुलं 'लेख मिळाला नाही' म्हणत न वाचता वर्गात येतात आणि सरांना वाटतं आजकालची पोरं वाचतच नाहीत.

स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. आपल्याला पानावर अक्षरं दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो नुसता फोटो असतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्या पानावर गप्प बसतो. लायब्ररीत अशा पानांवर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, चालवून मजकूर मोकळा करतात, हेडिंगं लावतात, मग ते वाचता येतं. यासाठी कॉपीराइटच्या कायद्यात वाट मोकळी व्हावी म्हणून 2013 साली माराकेश करार झाला, 2016 पासून तो लागू आहे, आणि ज्या देशांनी तो स्वीकारलाय तिथे अशा वाचकांसाठी सुलभ प्रती करता येतात, एका देशातून दुसऱ्या देशात पाठवताही येतात. पण विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात प्रत हवी असेल तर लिस्ट पहिल्या आठवड्यात येऊन कशी चालेल? पन्नास पानं स्कॅन करून, ओसीआरच्या चुका डोळ्यांनी तपासून दुरुस्त करायला वेळ लागतो हो.

रंगनाथन यांचं नाव ग्रंथालयशास्त्राच्या लोकांना पाठ असतं, बाकीच्यांना नसतं, म्हणून सांगतो. एस. आर. रंगनाथन हे आधी गणिताचे प्राध्यापक, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. वर्गात शिकवून झालेल्या माणसाने हा नियम लिहिलाय हे मला फार बोलकं वाटतं. मघाची ती प्रॉक्सीची लिंक म्हणजे हाच नियम.

बरं, सेमिस्टर सुरू झालं. आता रेफरन्स डेस्कवर जाऊ, म्हणजे मुलं माहिती शोधायला मदत मागतात त्या टेबलावर.

(पडद्यावर: डेस्क. एकामागोमाग एक विद्यार्थी, सगळ्यांच्या हातात तोच छापील कागद.)

शिक्षकाला जे कधी कळत नाही ते या टेबलावर पहिल्या तासात कळतं. असाइनमेंट दिली की तिसरा विद्यार्थी तोच प्रश्न घेऊन आला की लायब्ररियनना समजतं, मुलांचं काही चुकत नाहीये, असाइनमेंटमध्येच घोळ आहे. ज्या सरकारी रिपोर्टवरून प्रश्न सोडवायचाय तो साइटवरून काढून टाकलाय. किंवा 'पाच पीअर रिव्ह्यूड लेख शोधा' (म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेले) असं लिहिलंय पण विषय इतका ताजा की त्यावर अजून पाच लेख आलेलेच नाहीत. अशा वेळी चांगल्या लायब्ररियन काय करतात, तर फोन उचलतात, 'मॅडम, तुमच्या तिसऱ्या प्रश्नातला रिपोर्ट आता तिथे नाहीये, जुनी कॉपी मला अर्काइव्हमध्ये मिळालीय, पाठवू का मुलांना?' आणि मॅडम म्हणतात, 'अरे देवा, पाठवा पाठवा.' एवढंच. पण या एका फोनने साठ मुलांची संध्याकाळ वाचते. माझं तर मत आहे की असाइनमेंट वर्गात वाटायच्या आधी एकदा लायब्ररीत कुणाकडून तरी सोडवून घ्यावी.

गेल्या काही वर्षांत या डेस्कवर एक नवीनच प्रकार येतोय. विद्यार्थी संदर्भ घेऊन येतो, लेखकाचं नाव ओळखीचं, जर्नल खरं, खंड, अंक, पानं सगळं व्यवस्थित, आणि लेख काही सापडत नाही. कारण तो लेखच नाही. चॅटबॉटने बनवलेला संदर्भ आहे. आता हे पकडायचं कसं, तर आधी डीओआय टाकून बघायचा, तो कुठेच जात नाही किंवा भलत्याच लेखावर जातो. मग त्या जर्नलचा तो अंक उघडायचा आणि दिलेल्या पानांवर काय छापलंय ते बघायचं. तिथे दुसऱ्याच कुणाचा तरी दुसऱ्याच विषयावरचा लेख बसलेला असतो. आणि हे फक्त विद्यार्थीच घेऊन येतात असं समजू नका, स्टाफरूममधूनही येतात, पण तो विषय राहू दे.

लायब्ररियन वर्गासाठी जे सेशन घेतात त्याबद्दल बोलायला हवं. माहिती साक्षरता, म्हणजे माहिती शोधता, पारखता आणि वापरता येणं, हा शब्दप्रयोग 1974 पासून चालत आलाय आणि अमेरिकेतल्या कॉलेज ग्रंथपालांच्या संघटनेने 2016 मध्ये त्याची एक चौकटही स्वीकारली, पण बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षात काय होतं तर पहिल्या आठवड्यात मुलांना लायब्ररीत आणतात, ही कपाटं, हा कॅटलॉग, इथे शांतता राखा, टाळ्या, गेले. स्पष्ट सांगायचं तर याचा उपयोग जवळपास शून्य. मुलांच्या डोक्यात प्रश्नच नाही तर उत्तर चिकटणार कुठे.

तेच सेशन असाइनमेंट दिल्यावर दुसऱ्या दिवशी ठेवा आणि फरक बघा. समजा विषय आहे, मोबाइलचा शाळकरी मुलांच्या झोपेवर परिणाम. विद्यार्थी अख्खं वाक्य सर्च बॉक्समध्ये टाकतो, येतात चार निकाल, त्यातले दोन भलतेच. लायब्ररियन त्या वाक्याचे तीन तुकडे करतात: मोबाइल, शाळकरी वय, झोप. प्रत्येक तुकड्याला पर्याय जोडतात, मोबाइल किंवा स्मार्टफोन किंवा स्क्रीन टाइम, असे पर्याय 'ऑर'ने, आणि तिन्ही तुकडे एकमेकांना 'अँड'ने. निकाल एकदम शेकड्यात जातात. मग गेली पाच वर्षं, मग फक्त आढावा घेणारे लेख, असं करत करत यादी वाचता येईल इतकी छोटी होते. दहा मिनिटं लागतात. शिक्षक मागे बसून हे बघत असतील तर त्यांनाही काहीतरी मिळतं, आणि पुढच्या वेळी विषय देतानाच ते नीट तोलून देतात, हा माझ्या मते जास्त मोठा फायदा.

याच सेशनमध्ये आणखी एक गोष्ट दाखवतात. 1998 साली लॅन्सेट या जर्नलमध्ये 12 मुलांवर आधारित एक पेपर आला, त्यावरून लशीचा आणि ऑटिझमचा संबंध जोडला गेला. तो पेपर 2010 मध्ये जर्नलने मागे घेतला. पण कुणाच्या लॅपटॉपमध्ये जुनी पीडीएफ असेल तर तिच्यावर शिक्का उमटलेला नसतो ना! म्हणून लेखाचं आजचं स्टेटस बघायची सवय लावावी लागते. झोटेरोसारखं संदर्भ साठवून ठेवणारं फुकट सॉफ्टवेअर आता मागे घेतलेल्या पेपरवर इशारा देतं, पण ते वापरायला कुणीतरी एकदा शिकवायला लागतं, आणि ते कुणीतरी सहसा लायब्ररीतलंच असतं.

महागड्या टेक्स्टबुकांवरही इथेच तोडगा निघतो. युनेस्कोने 2002 मध्ये मुक्त शैक्षणिक संसाधनं, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येईल असं शिकण्याचं साहित्य, ही कल्पना उचलून धरली, पुढे राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने 2012 पासून फिजिक्स, बायोलॉजी, समाजशास्त्र अशी पूर्ण पुस्तकं फुकट द्यायला सुरुवात केली. बहुतेकांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स असतं, म्हणजे नको ते चॅप्टर वगळून, आपली उदाहरणं घालून वापरता येतं, मात्र कुठल्या लायसन्सखाली काय चालतं हे वाचून घ्यावं लागतं, आणि त्याचा कंटाळा लायब्ररियनना येत नाही.

शिक्षकाच्या स्वतःच्या संशोधनालाही ही मंडळी पडद्यामागून हात देतात, आपल्याकडे नसलेला लेख दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतात, पैसे उकळणारी बोगस जर्नलं ओळखून देतात, छापलेला पेपर रिपॉझिटरीत, म्हणजे संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात, कुठल्या रूपात ठेवता येईल ते सांगतात. तो वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.

(पडद्यावर: मीटिंग रूम. लांब टेबल.)

इतकं सगळं करूनही एका ठिकाणी लायब्ररियनना खुर्ची नसते, नवीन कोर्स मंजूर होतो त्या मीटिंगमध्ये. काही विद्यापीठांत नव्या कोर्सच्या फॉर्ममध्ये लायब्ररीचा रकाना असतो, या विषयावर आपल्याकडे काय आहे, काय घ्यावं लागेल. पण खूप ठिकाणी कोर्स आधी मंजूर होतो, टाइमटेबल लागतं, मुलं प्रवेश घेतात आणि मग कुणालातरी आठवतं की अरे पुस्तकं? ऑर्डर करून, येऊन, कॅटलॉगला चढून कपाटात लागेपर्यंत अर्धं सेमिस्टर उलटलेलं असतं.

आणि उलट बाजूही आहे. सबस्क्रिप्शन रिन्यू करायची वेळ आली की लायब्ररी वापराचे आकडे काढते, कुठलं जर्नल किती वेळा उघडलं गेलं, आणि विभागांना मेल पाठवते, यातलं काय ठेवू, काय बंद करू? कमी उघडलं जाणारं एखादं जर्नल एका कोर्सचा कणा असू शकतं, हे आकड्यांवरून कळत नाही, ते फक्त शिकवणाऱ्यालाच माहीत. उत्तर दिलं तर जर्नल वाचतं. नाही दिलं तर यादीत वापर कमी असलेलं पहिलं कापलं जातं, मग जूनमध्ये लिंक उघडत नाही आणि डेस्कवर फोन येतो, 'मॅडम, हे बंद कुणी केलं?' मॅडमकडे तो मेल तारखेसकट असतो.