बिस्मार्क: व्हिएन्नाच्या वाटेवर थांबलेला माणूस

नमस्कार मंडळी. जुलै १८६६. कोनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशिया या जर्मन राज्याने ऑस्ट्रियाचा धुव्वा उडवलाय. व्हिएन्नाची वाट मोकळी आहे. राजा पहिला विल्हेल्म आणि त्याचे सेनापती म्हणतायत, पुढे चला, ऑस्ट्रियाचा मुलूखही तोडून घेऊ. आणि ज्याने हे युद्ध ओढवून आणलं, तोच पंतप्रधान हटून बसलाय: नाही, इथेच थांबायचं.

हा ओटो फॉन बिस्मार्क. जर्मनीच्या एकीकरणाचा विषय निघाला की सगळे त्याच्या १८६२ च्या 'लोखंड आणि रक्त' या भाषणाकडे वळतात. मला तो या नकारात जास्त मोठा वाटतो. उद्या फ्रान्सशी गाठ पडली तर पाठीशी सुडाने पेटलेला ऑस्ट्रिया नको, एवढं साधं त्याचं गणित होतं. प्रशियाने ऑस्ट्रियाची स्वतःची जमीन घेतली नाही. हॅनोव्हर आणि फ्रँकफर्ट या जर्मन राज्यांना मात्र ही दया मिळाली नाही, ती सरळ गिळली. पण १८७० मध्ये ऑस्ट्रिया खरंच बाजूला राहिला.

आता ती गाजलेली 'एम्सची तार'. जुलै १८७०, एम्स हे जर्मन गाव. स्पेनच्या गादीवर विल्हेल्मच्या घराण्यातला कुणी कधीच बसणार नाही, असं कायमचं वचन फ्रेंच राजदूत त्याच्याकडे मागतो. राजा सभ्यपणे नकार देतो आणि बर्लिनला तारेने कळवतो. बिस्मार्क तेव्हा सेनापती मोल्टके आणि युद्धमंत्री रून यांच्याबरोबर जेवायला बसलाय. तो तार वाचतो आणि तिच्यातले शब्द कमी करतो. आपण एकही नवा शब्द घातला नाही, असं त्याने नंतर आठवणींत लिहिलं. छापून येते तेव्हा वाटतं, राजाने राजदूताला दारातूनच हाकललं. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं आणि जगाच्या नजरेत आक्रमक ठरला फ्रान्स. दक्षिणेतली बव्हेरियासारखी राज्यंही प्रशियाच्या बाजूने उतरली.

१८ जानेवारी १८७१ ला, व्हर्सायच्या आरसेमहालात, जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. फ्रेंच राजांच्या राजवाड्यात! शिवाय पाच अब्ज फ्रँकची खंडणी आणि फ्रान्सचे अल्सास-लोरेन हे प्रदेश. अल्सास बिस्मार्कलाही हवा होता, लोरेनमधल्या मेट्झ शहराबद्दल मनात शंका होती. पण या वेळी सेनापतींपुढे तो व्हिएन्नासारखा अडून बसला नाही. फ्रान्स हे विसरला नाही. २८ जून १९१९ ला, पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीकडून त्याच महालात तहावर सही करून घेतली गेली.

बिस्मार्कने मागे एक फार चांगली गोष्टही ठेवली. १८८३ मध्ये कामगारांचा आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा, १८८९ मध्ये म्हातारपणाचा. हेतू समाजवाद्यांचा पाया काढून घेण्याचा, त्यांच्या संघटनांवर तर तेव्हा बंदीच होती. तरी सक्तीच्या आरोग्य विम्याची ती चौकट जर्मनीत आजही उभी आहे.

मला सलते ती त्याची राज्यघटना. पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना मतदान होतं, पण चान्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, संसदेला बांधील नव्हता, फक्त कैसरला, म्हणजे सम्राटाला. पहिला विल्हेल्म त्याचं ऐकायचा, तोवर ठीक होतं. १८९० मध्ये नातवाने, दुसऱ्या विल्हेल्मने, त्याला घरी बसवलं. बिस्मार्कने रशियाशी केलेला गुप्त करार त्याच वर्षी संपला, नव्या सरकारने तो वाढवला नाही. फ्रान्स आणि रशिया एकत्र येऊ नयेत म्हणून बिस्मार्कने वीस वर्षं जिवाचा आटापिटा केला होता. १८९४ मध्ये ते एकत्र आले. तेव्हा तो फ्रीडरिक्सरूहच्या घरी होता, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा.