लष्करी न्यायाचे विधेयक आणि चर्चेचे तास

नमस्कार. लष्करी न्यायाच्या विधेयकांवर संसदेत कलमवार चर्चेला वेगळा वेळ हवा, असे मला वाटते. का, ते सांगतो. माझ्यासमोर १९५० चा सेना कायदा उघडा आहे. त्यातील कलम ११६ पाहा. समरी कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे जवानावरील संक्षिप्त लष्करी खटल्यात, कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. आणखी दोघे जण कामकाजाला पूर्णवेळ हजर असतात, परंतु त्यांना शपथ दिली जात नाही. अधिकारी लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचा असेल, तर तो जवानाला एक वर्षापर्यंत कैद सुनावू शकतो.

ठाण्यात कोपरीला आमच्या इमारतीत एक निवृत्त हवालदार राहतात. त्यांना मी हे कलम वाचून दाखवले, तेव्हा भाजीची पिशवी जिन्याच्या पायरीवर ठेवून ते म्हणाले, “अरे, नोकरीत असताना यावर आम्ही कुठे बोलणार? तशी मुभाच नव्हती.”

काकांचे म्हणणे खरे आहे. सैनिकांचे मूलभूत हक्क किती मर्यादित करायचे, हे ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३३ ने संसदेला दिला आहे. आणि वृत्तपत्रांशी संपर्क साधणे, संघटनेत सामील होणे, निदर्शनांत भाग घेणे यांवर सेना कायद्याच्या कलम २१ नुसार निर्बंध घालता येतात. वकिलांविषयीचे विधेयक आले, तर वकील ठाणे न्यायालयात काम बंद ठेवू शकतात. जवानाला मात्र खासदाराच्या तोंडूनच बोलावे लागते. म्हणून लष्करी न्यायावरील चर्चेचा वेळ सभागृहात कापला गेला, तर त्याची भरपाई बाहेर कुठेही होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

चर्चेला वेळेची मर्यादा असणे मुळातच चुकीचे आहे, असे मी म्हणत नाही. लोकसभेत ५४३ जागा आहेत. कामकाज सल्लागार समिती विधेयकाला तास ठरवून देते आणि ते पक्षांच्या संख्याबळानुसार वाटले जातात. अडचण अशी की बहुतेक वेळ सर्वसाधारण भाषणांत जातो, आणि कलम ११६ सारखी तरतूद भाषणांत सापडत नाही. ती एकेक कलम वाचतानाच खटकते.

२०२३ चे आंतर-सेवा संघटनांविषयीचे विधेयक घ्या. संयुक्त कमांडच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या कर्मचाऱ्यांवर शिस्तीची कारवाई करण्याचा अधिकार त्यामुळे मिळाला. गरज खरी होती, संसदेच्या स्थायी समितीनेही ते तपासले होते. तरीही ४ ऑगस्टला लोकसभेत मणिपूरवरील गदारोळातच ते आवाजी मतदानाने मंजूर झाले, आणि ८ ऑगस्टला राज्यसभेतही. दोष एकट्या सरकारचा नाही. घोषणा देणाऱ्यांनीही आपला वेळ सोडून दिला.

पुढे दुरुस्ती होईल, या भरवशावर राहता येत नाही. कोर्ट मार्शलच्या निकालावर अपिलाची सोय नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच पृथीपालसिंग बेदी खटल्यात खेद व्यक्त केला होता. अशा अपिलांसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा व्हायला २००७ उजाडले. आज मुंबईत त्याचे खंडपीठ आहे, ठाण्याहून लोकलने जाता येते. मात्र ज्या बाबींवर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्या ‘सेवाविषयक बाबीं’च्या व्याख्येतून समरी कोर्ट मार्शल वगळले आहे, अपवाद फक्त बडतर्फीचा किंवा तीन महिन्यांहून अधिक कैदेचा. एका ओळीची ही तरतूद आहे. ब्रिटनमध्ये सशस्त्र दलांचा कायदा दर पाच वर्षांनी नव्या अधिनियमाने पुढे चालू ठेवावा लागतो, त्यामुळे अशा ओळीपाशी संसद पुन्हा येऊ शकते. आपल्याकडे तशी सक्ती नाही.

मी आमच्या खासदारांना पत्र लिहिले आहे. लष्करी न्यायाविषयीचे पुढचे विधेयक येईल तेव्हा कलमवार चर्चेचे तास वेगळे राखून ठेवावेत आणि भाषणे लांबली तरी त्यांना हात लावू नये, एवढीच मागणी मी त्यात केली आहे.