देवाघरचे ‘जात’ कुणाला

(माहितीपटातलं दृश्य. गोव्यातलं म्हार्दोळ. पाऊस नुकताच ओसरलाय. सोप्यावर चटईवर एक जुनी पेटी, शेजारी निळ्या पुठ्ठ्याची वही.)

ही पेटी बाबांची. पावसाळ्यात हिची मधल्या सप्तकातली काळी दोन दाबली की खालीच राहायची. भाता चालू असेपर्यंत तो एकच सूर घरभर फिरत राही, आणि आई आतून ओरडे, “बंद करा ते रडणं!” मग बाबा पेटी उचलून चुलीमागच्या खोलीत नेऊन ठेवत, सुकत घातलेल्या खोबऱ्याच्या शेजारी. आठवड्याभरात पट्टी सुटायची. पण श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे वाजलेल्या प्रत्येक गाण्याला धुराचा वास असायचा. आज इतक्या वर्षांनी झाकण उघडलं, तरी तो गेलेला नाही.

आणि ही वही. १९६४ ते १९६८. माझं आणि ताईचं अक्षर, एकाआड एक ओळ.

एकाआड एक का, ते सांगते. तेव्हा गाणं आपल्याला हवं तेव्हा ऐकायला मिळत नसे. ते आपल्या मर्जीनं यायचं. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘आपली आवड’ लागायचं, पोस्टकार्डं पाठवणाऱ्यांची नावं वाचली जायची, आणि मग गाणं. एकदा लागलं की पुन्हा कधी लागेल, देव जाणे. सगळं गाणं एका हाताला लिहून होत नाही. म्हणून पहिली ओळ ताईनं पकडायची, दुसरी मी, तिसरी पुन्हा ताईनं. निवेदक नाव सांगेपर्यंत पेन्सिली तयार. रेडिओ आम्ही ऐकत नव्हतो, टिपत होतो.

रेडिओ आमच्या भागात आधी चोरून ऐकायची गोष्ट होती. पोर्तुगीज असताना पणजीहून एमिसोरा द गोवा चाले; पण बाबा आणि काका दार लावून ऐकत ते दुसरंच केंद्र. सरहद्दीपलीकडच्या रानातून चालणारं, १९५५ साली सुरू झालेलं ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’, म्हणजे गोव्याच्या मुक्तीचा आवाज. मी तेव्हा अगदीच लहान. आठवतं ते एवढंच, की पेटीएवढ्या खोक्याला कान लावून दोन मोठी माणसं वाकून बसलेली असत आणि आई दाराशी उभी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर खोका सोप्यावर आला, आवाज मोठा झाला, शेजारीपाजारी येऊन बसू लागले. टपाल कचेरीत लायसन्स भरायचं, त्याचा छोटा पासबुकासारखा कागद बाबा देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवत. रेडिओ म्हणजे तेवढा मान!

त्या खोक्यातून १९६४ नंतर कधीतरी ‘मत्स्यगंधा’ची गाणी यायला लागली. नाटक वसंत कानेटकरांचं, उभं केलं मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशननं. संगीत जितेंद्र अभिषेकी. ‘गुंतता हृदय हे’ म्हणणारे रामदास कामत. ‘गर्द सभोवती’ म्हणणाऱ्या आशालता. आता जरा पत्ते बघा. अभिषेकी मंगेशीचे, म्हणजे या घरापासून पायी वीसेक मिनिटं. कामत साखळीचे, नोकरी एअर इंडियात. आशालता गोव्याच्याच. संस्थाही मुंबईतल्या गोवेकरांची. मुंबईहून वाऱ्यावर जे येत होतं, ते आमच्याच वाटांनी कधीकाळी बाहेर पडलेलं होतं.

(मंगेशीचं देऊळ. सात मजली दीपस्तंभ. सोमवारची पालखी.)

मंगेशीला आज बाहेरची माणसं येतात, ती लताबाईंचं गाव बघायला. साहजिक आहे. दीनानाथांचा जन्म इथला, १९०० सालचा. आमचे आजोबा दीनानाथांबद्दल बोलताना अजून आवाज खाली आणत, देवळात आल्यासारखा. अभिषेकींचं नाव मात्र गाइड लोक चटकन घेत नाहीत. मंगेशाला अभिषेक करणारं घराणं, म्हणून आडनावच अभिषेकी. पोरगा १९२९ सालचा. लहानपणीच शिकायला गोव्याबाहेर पडला. गुणिदास म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ, अशा मोठ्या माणसांकडे शिकला. मुंबई आकाशवाणीवर कोंकणी कार्यक्रमही केले. त्याच्या चाली रेडिओवरून घरी पोचल्या, तोवर तो पस्तिशीचा झाला होता.

आणि बाबांना त्या चाली आवडल्या नाहीत.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. नाट्यपद म्हणजे बसून ऐकायची गोष्ट. नट उभा राहतो, पायपेटी भरते, तबला बोलू लागतो, आणि मग पद मनाला येईल तेवढं चालतं. वन्स मोअर घेतं, पुन्हा चालतं. गोष्ट? गोष्ट काय, सगळ्यांना पाठ असते. त्यात हे नवीन. सोप्यावरच्या आरामखुर्चीत पाय पसरून त्यांनी ‘गुंतता हृदय हे’ पहिल्यांदा ऐकलं, आणि निवेदक पुढचं नाव घेऊ लागला तसे म्हणाले, “सुरू जाता म्हणसर सोंपलें!” सुरू होतंय म्हणेपर्यंत संपलं.

घरात आम्ही बोलायचो कोंकणी. भांडायचो कोंकणीत, रागावायचो कोंकणीत. देवाची आरती, पत्र, वर्तमानपत्र आणि नाटक मात्र मराठी. बाहेरच्यांना हे समजावताना दमायला होतं. आम्हांला त्यात समजण्यासारखं काही वाटलंच नाही कधी.

बाबांची तक्रार अर्धी खरी होती, अर्धी रेडिओची. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. रंगमंचावर तेच पद जरा ऐसपैस बसे. पण नाटक मडगावला आलं तेव्हा आम्हांला कोण नेणार! आमच्यासाठी गाणं तबकडीएवढंच होतं. तरी अभिषेकींनी पदं आवरती घेतली होती हे खरंच. प्रसंग अडवून ठेवणारं पद त्यांना नको होतं. प्रेक्षक बदलला होता, त्याला शेवटची बस गाठायची होती. हे मला मोठेपणी कळलं. बाबांना तेव्हाच कळलं असावं, आणि त्याचाच राग असावा.

(जत्रेची रात्र. सभामंडपाबाहेर उभारलेला मंच, रंगवलेला राजवाड्याचा पडदा.)

त्या वर्षीची जत्रा. आमच्याकडे जत्रा म्हटली की नाटक आलंच, आणि नाटक गावातल्यांनीच करायचं. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत काम करणारा राजा होतो, शाळामास्तर विदूषक. पडदे भाड्यानं आणायचे. ऋषींचा आश्रम मागवला तर कधी कधी समुद्रकिनारा यायचा. मग ऋषी समुद्रकाठी. नाटक पौराणिक, जुनं, आजोबांच्या वेळेपासूनचं. नायक आमचा चुलतभाऊ. त्याच्या डोक्यात शिरलं की दुसऱ्या अंकात ‘गुंतता हृदय हे’ घालायचं. नाटकाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण एका नाटकात दुसऱ्या नाटकाचं पद घुसवणं आमच्याकडे पाप नाही. पेटीला बाबा. तालमीत त्यांनी एक शब्द काढला नाही. तिथंच आम्ही ओळखायला हवं होतं.

रात्री दीडच्या सुमाराला ते पद आलं. पेट्रोमॅक्सभोवती पाखरं, पुढच्या रांगेत पोरं आडवी झालेली. भावानं मुखडा घेतला, बरा घेतला. अंतऱ्याकडे वळणार, तोच बाबांनी मुखड्यावरच पेटी रोखली आणि एक हरकत, म्हणजे सुरांचं छोटंसं वळण, टाकली. गायकानं ती घ्यावी असं ते आवाहन. त्यानं घेतली. बाबांनी दुसरी टाकली. तबलजी बाबांच्याच वयाचा. तो सरसावून बसला. मग काय विचारता! तीन मिनिटांचं पद पंधरा मिनिटं चाललं. भावाच्या गळ्यात होतं तेवढं सगळं बाहेर आलं, नव्हतं तेही काढायला लावलं. शेवटी शेवटी तो डोळ्यांनी अंतऱ्याची भीक मागत होता. वन्स मोअर आला. बाबांनी तोही दिला. नायकाचा मृत्यू चौथ्या अंकात होता. तो मरेपर्यंत पूर्वेला उजाडलं, आणि निम्मे प्रेक्षक त्याच्या आधीच गतप्राण झाले होते.

घरी येताना बाबा खुशीत म्हणाले, “आता झालं ते नाट्यपद.”

वहीची गोष्ट त्याच जत्रेची. ‘मत्स्यगंधा’तलंच दुसरं पद, कामतांचंच, ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’. ती ओळ माझ्या वाट्याची. मी नऊ-दहा वर्षांची, खरखर भरपूर, आणि ‘ज्ञात’ हा शब्द आमच्या बोलण्यात कुठे! मी लिहिलं, ‘देवाघरचे जात कुणाला’. अर्थही लावला : देवाघरचं कोण कुणाला जातं, म्हणजे काय मिळतं, काय नाही, असंच काहीतरी. वही गावात फिरली. तालमीला सगळ्यांनी तिच्यावरून उतरवून घेतलं. भावानं सभामंडपासमोर भरल्या गळ्यानं ‘जात’ म्हटलं, आणि शे-दोनशे माणसांत एकालाही खटकलं नाही. पुढची दोनतीन वर्षं आमच्या वाड्यावर ते पद तसंच चाललं. हे बघा, इथं आहे. पेन्सिलीनं. खालची दुरुस्ती ताईची, शाईनं, बरीच नंतरची.

(जुनी छायाचित्रं. मतदानाच्या रांगा.)

जानेवारी १९६७. जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळ्या गोव्याची दोन पानं. बाबा फुलाचे. काका दोन पानांचे. एकाच सोप्यावर दोघं, आणि दीड महिना एकमेकांशी बोलणं नाही. काका उल्हास बुयांवांची कोंकणी गाणी ऐकायला गावोगाव जायचे, रात्री परतताना मुद्दाम बाबांच्या खिडकीखाली ती गुणगुणायचे. बाबा आतून खोकायचे. १६ तारखेला मतदान झालं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. निकाल कळला त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत.

पण रेडिओ एकच होता ना. रात्री मराठी गाणी लागली की दोघंही येऊन बसायचे, एक खुर्चीवर, एक पायरीवर, तोंडं विरुद्ध दिशांना. ‘ययाति आणि देवयानी’ आदल्याच वर्षी आलेलं, शिरवाडकरांचं. त्यातलं ‘हे सुरांनो, चंद्र व्हा’ अभिषेकींच्याच आवाजात लागलं, तेव्हा काका पायरीवरून, कुणाकडे न बघता म्हणाले, “मंगेशेचो भुरगो.” मंगेशीचा पोरगा. बाबा म्हणाले, “हूं.” अबोला तिथं सुटला. पुढं त्यांनी लगेच भाताच्या दराचा विषय काढला.

बाबांनी नंतर एक सिद्धान्तच मांडला. त्यांचं म्हणणं, या चालीत एक वळण आहे ते मंगेशाच्या पालखीबरोबर चालत गेलेलं आहे. सोमवारी पालखी दीपस्तंभाला वळते तिथलं. अभिषेकी गोव्याचे सूर आपल्या चालींत आणत हे जाणकारही सांगतात. पण बाबांचं ते नेमकं वळण कुठलं, ते मी शेकडो सोमवार शोधलं. मला ते सापडलं नाही. तरी आता पालखी वळली की कान तिकडे जातोच. बाबांनी माझा कान कायमचा बिघडवून ठेवला.

१९६७ च्या शेवटी ‘कट्यार काळजात घुसली’ आलं. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकींचं संगीत, आणि वसंतराव देशपांडे. त्याबद्दल मी फार बोलणार नाही, त्याच्यावर लोक खूप बोललेत. एवढंच, की ‘घेई छंद मकरंद’ पहिल्यांदा लागलं तेव्हा बाबा पेटी घेऊन बसले होते. रेडिओबरोबर सूर धरायची त्यांना खोड होती. त्यांनी दोन ओळी धरला. मग हात काढला, भात्याची कडी लावली आणि पेटीवर दोन्ही तळवे ठेवून ऐकत राहिले. लांबीबद्दल काही बोलले नाहीत. त्यानंतर कधीच बोलले नाहीत.

(पुन्हा सोपा. संध्याकाळ.)

हा माहितीपट करणारी मुलं परवा आली. चांगली आहेत, पोटभर जेवली. त्यांच्यातल्या एकाला पेटी येते. त्यानं काळी दोन दाबली, ती खालीच राहिली. तो घाबरला, मोडली म्हणून. मी म्हटलं, पाऊस आहे, रागावलीय. मग त्यांनी मला गायला सांगितलं. या वयात आवाज कुठला, पण म्हटलं, बघू. ‘देवाघरचे’ धरलं. तो मुलगा मध्येच थांबला, फार अदबीनं म्हणाला, “आजी, तिथं ‘ज्ञात’ आहे.”

मी म्हटलं, माहीत आहे रे बाबा, मीच तर चुकले होते. पुन्हा घे.

पुन्हा घेतलं. पुन्हा ‘जात’च आलं. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटून, जिभेवर जोर देऊन म्हटलं, तरी तेच. शेवटी त्यानं कॅमेरा बंद केला आणि चहा मागितला.