नाव दगडावर जाण्याआधी

मंडळी, सैनिकांच्या स्मारकाचा विषय निघाला की बोलणं लगेच उंचीवर येतं. स्तंभ किती मीटरचा, ज्योत कुठे पेटवायची, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. माझं म्हणणं वेगळं आहे. युद्धात पडलेल्यांसाठी देशाने करायचं पहिलं काम कागदावरचं आहे: कोण गेलं, कुठे गेलं, कोणत्या दिवशी गेलं, याची बिनचूक यादी. यादीच कच्ची असेल तर वरचा सगळा दगड नुसती शोभा. म्हणून आज मी यादीबद्दलच बोलणार आहे.

पहिल्या महायुद्धात, १९१४ साली फ्रान्समध्ये ब्रिटिश रेड क्रॉसच्या एका तुकडीचे प्रमुख असलेले फॅबियन वेअर यांच्या लक्षात आलं की सैनिकांना पुरलं जातंय, पण कोणाला कुठे पुरलं याची नीट नोंद कोणीच ठेवत नाही. लाकडी क्रूस पावसात कुजतात, त्यावरची अक्षरं पुसली जातात, आणि पुढचा तोफगोळा पडला की क्रूसही जागेवर राहत नाही. त्यांनी नोंदी घ्यायला सुरुवात केली. त्यातूनच २१ मे १९१७ रोजी शाही सनदेने इम्पिरियल वॉर ग्रेव्हज कमिशन उभं राहिलं. आज ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून ओळखलं जातं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांच्या अहवालाने नियम घालून दिले. प्रत्येकाचं नाव स्वतंत्र, दगड कायमचा, आणि हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद नाही. जनरल असो की साधा शिपाई, शिळा एकाच मापाची: साधारण ८१ सेंटीमीटर उंच, ३८ रुंद, साडेसात जाड. माथ्याला हलका बाक, म्हणजे पाणी साचत नाही. बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली काँक्रीटची सलग पट्टी टाकून त्यात शिळा बसवतात, त्यामुळे वर्षानुवर्षं रांग हलत नाही. तळाशी कुटुंबाच्या पसंतीची ओळ, तीही ६६ अक्षरांत. श्रीमंताला मोठा संगमरवर उभारता येत नाही, यावर त्या काळी मोठी ओरड झाली. कमिशन मागे हटलं नाही आणि ते योग्यच झालं.

पण त्याच कमिशनने आपलाच नियम कुठे मोडला, तेही सांगितलं पाहिजे. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावं आहेत, एकेकाचं वेगळं. इराकमधल्या बसऱ्याचं स्मारक १९२९ चं. तिथे ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. पण तीस हजारांहून अधिक भारतीय जवान पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतर इतके’ असे फक्त आकड्यात उरले. कमिशनने नेमलेल्या समितीने २०२१ साली हे लेखी मान्य केलं. पहिल्या महायुद्धातले किमान १,१६,००० जण, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावाने नोंदलेच गेले नाहीत किंवा मुळीच स्मरले गेले नाहीत, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. त्यात मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले लोक आहेत. शंभर वर्षांनी ही नावं शोधायची म्हणजे मस्टर, पेन्शनची बाडं, जहाजांच्या याद्या उपसायच्या. आणि काही कागद तर उरलेलेच नाहीत. जे काम पलटणीचा कारकून त्याच आठवड्यात करू शकला असता, ते आता संशोधकांच्या फौजेलाही पुरं होत नाही.

मग यादी करायची कशी? आधी ठरवायचं की यादीत कोण. इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून निकष लेखी हवा आणि पहिलं नाव लिहिण्याआधी हवा. कमिशनने सरळ तारखा धरल्या: पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. या काळात सेवेत असताना गेला तो यादीत, मग गोळीने गेलेला असो, अपघाताने वा तापाने. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाचा निकष अरुंद आहे, तो रणक्षेत्राशी बांधलेला. त्यामुळे त्या युद्धातल्या विषारी रसायनांनी पुढे आजारी पडून गेलेले, मनावरच्या आघाताने खचून जीव दिलेले त्याच्या नावांच्या भिंतीवर येत नाहीत. त्यांच्यासाठी २००४ मध्ये बाजूला एक वेगळा फलक बसवावा लागला. मला पहिली पद्धत पटते. सैनिक कसा गेला यावरून त्याचा मान कमीजास्त होऊ नये, आणि तारीख तपासता येते. ‘शौर्य’ तपासता येत नाही.

नोंदीत सेवा क्रमांक आधी, नाव नंतर. एकाच पलटणीत एकाच नावाचे चार जण सहज असतात. मग हुद्दा, युनिट, मृत्यूची तारीख, ठिकाण, गाव, वारस. आणि प्रत्येक रकान्यापुढे माहिती कोणत्या कागदावरून घेतली ते. हा शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि पुढे दोन कागदांत फरक निघाला की कोणता खरा हे सांगायला कोणी उरत नाही. नाव दोन माणसांनी वेगवेगळं टंकायचं, मग दोन्ही याद्या एकमेकींशी ताडायच्या. जिथे जुळत नाही तिथे मूळ कागद पाहायचा, अंदाज करायचा नाही. नाव एका लिपीतून दुसरीत गेलं असेल तर घरच्यांकडून त्यांच्या हातचं लिहून घ्यायचं. भरतीच्या दिवशी कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं.

एवढं जपलं नाही की काय होतं? वॉशिंग्टनमध्ये कोरियन युद्धाच्या स्मारकाला २०२२ च्या जुलैत नावांची भिंत जोडली. ३६,००० हून अधिक अमेरिकन, ७,००० हून अधिक कोरियन. काही महिन्यांतच अभ्यासकांनी हजाराच्या आसपास स्पेलिंगच्या चुका दाखवल्या, शिवाय शेकडो नावं गाळलेली, आणि काही त्या युद्धाशी संबंध नसलेली. मूळ यादी जुन्या सरकारी नोंदींतून आली होती, आणि त्या काळच्या पंचकार्डांवर, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डांवर, नावातली जागा किंवा चिन्हं धड बसत नसत. ती यादी घरोघरी पडताळली गेली नाही आणि तशीच ग्रॅनाइटवर गेली. व्हिएतनामच्या भिंतीवर तर काही जिवंत माणसांची नावं कोरली गेली होती. ते वाचणाऱ्या आईवडिलांचा विचार करा.

कोरण्याआधी प्रत्येक पाटीचा खऱ्या मापाचा कागदी छाप काढायचा. एकाने मूळ यादीतून अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापावर बोट ठेवत जायचं, आणि दोघांनी सही करायची. पडद्यावर वाचून हे काम होत नाही. डोळा ओळखीचं नाव आपोआप दुरुस्त करून वाचतो. अक्षराची खाच इंग्रजी व्ही आकाराची असावी. तिरप्या उजेडात तिची सावली पडते आणि रंग न भरताही वाचता येतं. भरलेला रंग काही वर्षांत पोपडे धरतो. दगड मऊ असेल तर खाच खोल हवी: पोर्टलँडचा चुनखडी दगड दिसायला देखणा, पण पावसाने झिजतो, अक्षरं उथळ होतात आणि पुन्हा कोरावी लागतात. चकचकीत काळा ग्रॅनाइट बारीक अक्षरही धरून ठेवतो. व्हिएतनामच्या भिंतीवरचं अक्षर जेमतेम साडेतेरा मिलिमीटरचं आहे.

नावांचा क्रम हाही नुसता सोयीचा प्रश्न नाही. व्हिएतनामच्या त्या भिंतीवर तिच्या रचनाकार माया लिन यांनी वर्णानुक्रम नाकारून तारखेचा क्रम घेतला, त्यामुळे एकाच चकमकीत पडलेले शेजारी राहतात. पण मग येणाऱ्याला नाव सापडत नाही, म्हणून जवळच अनुक्रमणिका ठेवावी लागते. हुद्द्यानुसार क्रम मात्र कधीही लावू नका.

आणि रिकामी जागा सोडा. बेल्जियममधल्या ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या ५४,००० हून अधिक बेपत्तांची नावं बसली आणि भिंत संपली. १६ ऑगस्ट १९१७ पासूनची जवळपास ३५,००० नावं टाइन कॉटच्या दफनभूमीतल्या भिंतीवर न्यावी लागली. शिवाय बेपत्ता माणूस सापडतो. तिथे अवशेषांची ओळख पटली की नाव आता थडग्यावर आलेलं असतं, म्हणून भिंतीवरून ते काढतात. व्हिएतनामच्या भिंतीवर बेपत्ताच्या नावापुढे क्रूस असतो; अवशेष मिळाले की त्यावरच चौकट कोरून तो मृतांचं चिन्ह करतात. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात प्रत्येक सैनिकाची ग्रॅनाइटची स्वतंत्र पाटी आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने हीच रचना मला सगळ्यात शहाणी वाटते: एक अक्षर चुकलं तर एक पाटी बदला, अख्खी भिंत नको.

अनामिक सैनिकाची समाधीही याच कामाचा भाग आहे. ११ नोव्हेंबर १९२० ला लंडनमध्ये आणि २८ जानेवारी १९२१ ला पॅरिसमध्ये असं दफन झालं, तेव्हा ओळख पटवण्याचा दुसरा मार्गच नव्हता. आज आहे. अमेरिकेने १९८४ मध्ये व्हिएतनामचा अनामिक सैनिक दफन केला. १९९८ मध्ये आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएवरून तो लेफ्टनंट मायकेल ब्लासी असल्याचं सिद्ध झालं. त्याला घरी नेलं आणि ती कबर रिकामीच ठेवली. फ्रान्समधल्या फ्रोमेलला १९१६ च्या लढाईतल्या सामूहिक खड्ड्यांतून २००९ मध्ये २५० सैनिकांचे अवशेष काढले आणि नातेवाइकांचे नमुने जुळवून त्यांतल्या दीडशेहून अधिक जणांना नाव मिळालं. यासाठी नमुना आधी हवा. आईकडच्या वंशातलं माणूस शोधायला उशीर झाला तर ती साखळी तुटते. भरतीच्या वेळीच रक्ताचा ठिपका कार्डावर घेऊन ठेवला की पुढची धावपळ वाचते.

उरली निगा. दगड धुवायचा साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. चुनखडीवर आम्ल लागलं तर पृष्ठभागच विरघळतो, तारेच्या ब्रशाने अक्षरांच्या कडा जातात, ब्लीचचे क्षार दगडात शिरून तो पापुद्र्यांनी सुटतो. पाट्या लोखंडी खिळ्यांनी बसवल्या तर गंज फुगून दगड फोडतो. म्हणून गंज न धरणारं पोलादच वापरा. पितळेच्या पाट्या भंगारासाठी चोरीला जातात. बांधकामाच्या निविदेत देखभालीचा वार्षिक खर्च, धुण्याची पद्धत, आणि चुकलेलं नाव किती दिवसांत व कोणाच्या सहीने दुरुस्त होणार, ही तीन कलमं आहेत का ते पाहा. नसतील तर निविदा परत पाठवा.