पळसाचा रंग सुताला चढतो तो असा

श्रोतेहो, नमस्कार. फाल्गुनात किनवट-माहूरच्या डोंगरापासून आपल्या बांधापर्यंत पळस फुलतो. धुळवडीपुरते आपण त्याचे केशरी पाणी करतो. तोच रंग सुती कापडावर धरायचा कसा, हे आज सांगणार आहे.

पहिल्या खेपेस मी कोरे मांजरपाट तसेच फुलांच्या काढ्यात बुडवले. वाळल्यावर ते पिवळेधमक दिसले आणि दुसऱ्याच धुण्यात फिकट पडले. दोष फुलांचा नव्हता. कोऱ्या कापडात खळ असते आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळून ती काढल्याशिवाय रंग सुतात नीट मुरत नाही. त्यानंतरचे काम हिरड्याचे. रंग धाग्याला धरून ठेवते ती तुरटी. रेशीम आणि लोकर तुरटी सहज धरतात, सुताला मात्र ती नीट धरत नाही, हिरडा लावला की धरते. म्हणून हिरड्याची पूड घातलेल्या पाण्यात कापड रात्रभर ठेवावे, डाळिंबाच्या सालीही चालतात. मग शंभर ग्रॅम कोरड्या कापडाला 10 ते 15 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात ते तासभर ठेवावे. ही तयारी कंटाळवाणी खरी, पण सगळा रंग तिच्यावरच उभा असतो.

आता फुले. झाडाखाली पडलेलीच वेचावीत, पाखरांसाठी फांदीवरची राहू द्यावीत. सावलीत वाळवलेली फुले कापडाच्या दुप्पट वजनाने घेऊन मंद आचेवर शिजवावीत, पाणी गाळावे आणि ओले कापड त्यात सतत हलवत राहावे, नाहीतर डाग पडतात. भांडे स्वयंपाकाचे वापरू नये.

मला सर्वांत नवल वाटते ते लोखंडाचे. गुळाच्या पाण्यात गंजके खिळे पंधरा दिवस ठेवून ते पाणी गाळा आणि त्याचा एक थेंब हिरड्याने पिवळसर झालेल्या कापडावर सोडा. डोळ्यांदेखत तिथे काळाभोर ठिपका उमटतो. पळसाच्या पिवळ्यावर याच पाण्याचा हलका हात दिला तर शेवाळी छटा येते. अती झाले तर मात्र सूत कुजते.

वसमतची हळद कितीही उत्तम असली तरी तिचा रंग उन्हात उडतो, तेव्हा पडद्यांसाठी ती नको. क्षारयुक्त बोअरच्या पाण्यानेही छटा बदलते. साठवलेले पावसाचे पाणी असेल तर तेच वापरावे. रंगवलेले कापड सावलीत वाळवा आणि साबणाऐवजी रिठ्याच्या पाण्यात धुवा, कारण साबणातल्या क्षाराने पळसाचा पिवळा केशरीकडे झुकतो.