कुऱ्ह्याचा पत्ता

(दृश्य : पावसाळी सकाळ. कपाशीचं ओलं रान. घराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली वही.)

अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातलं हे कुऱ्हा. या वहीत एक शेतकरी मृगापासूनचा पाऊस लिहून ठेवतो. रोज, न चुकता. त्याची मुलगी अमरावतीला कॉम्प्युटर सायन्स शिकते. चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे, नांदगाव खंडेश्वर इथल्या तिच्या वर्गमैत्रिणींच्या घरीही अशाच वह्या आहेत. या पोरींनी मिळून एक लहानसा सर्व्हर उभा केला आणि आपापल्या गावचा पाऊस त्यावर भरायला सुरुवात केली.

मग हिनं पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला. बाबांनी गावाचं नाव मराठीत टाईप करायचं, ते नाव वेब पत्त्याच्या शेवटी जोडलं जाणार आणि त्या गावचे आकडे समोर येणार. एवढंच काम.

पहिल्याच दिवशी तो बंद पडला.

(दृश्य : लॅपटॉपच्या पडद्यावर लाल अक्षरांतला एरर. मागून वडिलांचा आवाज.)

“काहून वं, बंद पडलं काय?”

“हो बाबा. मराठी चालत नाही म्हणते.”

एररमध्ये अगदी तसं लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं ते असं, की ‘अ‍ॅस्की’ कोडेकला, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं जाणणाऱ्या पद्धतीला, ही अक्षरं एनकोड करता, म्हणजे संकेतात बदलता येत नाहीत. गंमत अशी, की तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर आकडे दिसत होते. म्हणजे सर्व्हर ठीक, नेट ठीक. मग अडलं कुठे?

वेब पत्त्याचे नियम २००५ साली आरएफसी ३९८६ या दस्तऐवजात पक्के झाले. त्यानुसार पत्त्यात इंग्रजी अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हंच जशीच्या तशी चालतात. बाकी प्रत्येक अक्षराचे आधी बाइट, म्हणजे संगणकाला कळणारे आकडे, करायचे आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व त्यापुढे दोन खुणा असा लिहायचा. यूटीएफ-८ या अक्षरांचे बाइट करण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून पत्त्यात त्याच्या ९ खुणा होतात. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. ‘कुऱ्हा’ हा डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द, पण आत सहा चिन्हं आहेत : क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना. सहा नवे चोपन्न. ब्राउझर हे सगळं मुकाट्यानं करून टाकतो. पायथनमधलं पत्ता उघडणारं ‘यूआरएलओपन’ करत नाही, ते आपण करून द्यावं लागतं.

त्यासाठी ‘क्वोट’ नावाचं फंक्शन आहे. तिनं ते लावलं, पण सबंध पत्त्यालाच लावलं. मग सुरुवातीच्या एचटीटीपीएसपुढचा कोलनही टक्केवाला झाला आणि प्रोग्राम म्हणाला, हा पत्त्याचा प्रकारच मला माहीत नाही. क्वोट फक्त गावाच्या नावाला लावायचं, जोडणी नंतर करायची. ही चूक जवळपास प्रत्येकाकडून एकदा होते.

दुसरी त्याहून फसवी. एकदा एनकोड केलेलं नाव पुन्हा एनकोड झालं, तर टक्क्याच्या चिन्हाचंच %२५ होतं. एरर येत नाही, सर्व्हर नुसतं सांगतो की असं गाव नाही. पत्त्यात प्रत्येक टक्क्यापुढे २५ दिसायला लागले, की समजायचं, काम दोनदा झालंय.

चांदूर रेल्वेनं वेगळीच अडचण आणली, नावातली मोकळी जागा. ‘क्वोट’ तिचं %२० करतं, ‘क्वोट प्लस’ अधिकचं चिन्ह. प्रश्नचिन्हानंतरच्या भागात अधिक म्हणजे मोकळी जागा असं सर्व्हर सहसा धरतो. पण प्रश्नचिन्हाआधीच्या भागात, म्हणजे पत्त्याच्या वाटेत, अधिक म्हणजे अधिकच. तिच्या प्रोग्राममध्ये गावाचं नाव वाटेत होतं. %२० केलं, चांदूर रेल्वे आलं. धामणगाव आलं, नांदगाव खंडेश्वरही आलं.

कुऱ्हा मात्र येईना.

(दृश्य : रात्र. लाइन गेलेली. लॅपटॉपच्या उजेडात मुलीचा चेहरा. बाहेर बेडकांचा आवाज.)

स्वतःचंच गाव! सर्व्हरवरच्या गावांच्या यादीत ‘कुऱ्हा’, टाईप केलेलं ‘कुऱ्हा’. दोन्ही शेजारी ठेवून ती कितीदा पाहत बसली. काडीचाही फरक नाही. कोणीतरी फोनवर सल्ला दिला, गावांची नावं इंग्रजीत ठेव, कटकट मिटेल. हा सल्ला या क्षेत्रात फार सहज दिला जातो आणि आम्हाला तो मान्य नाही. वही मराठीत आहे, वही लिहिणारा माणूस मराठी वाचतो. त्याच्या गावाचं नाव त्याच्याच लिपीत लिहिलं म्हणून यंत्र अडत असेल, तर दुरुस्ती यंत्रात व्हायला हवी.

तिनं अक्षरांकडे पाहणं सोडलं आणि लांबी मोजली. एका कुऱ्ह्याच्या पत्त्यात ५४ खुणा निघाल्या. दुसऱ्याच्या ६३.

नऊ जास्त. म्हणजे एक चिन्ह जास्त, डोळ्यांना न दिसणारं.

वऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, कुऱ्हाड यांतला तो अर्धा र आपल्या मराठीचा खास. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, तो ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात. पण युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून आणखी एक रीत चालू ठेवलेली आहे : साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखेच उमटतात. यादी भरणाऱ्या मैत्रिणीचा कीबोर्ड एक रीत वापरत होता, हिचा दुसरी.

तिसरीही शक्यता आहे, साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. युनिकोडच्या ‘एनएफसी’ या प्रमाणीकरणात नुक्तावाला र आपोआप ‘ऱ’ होतो. जोडचिन्हवाला होत नाही. तो हातानंच बदलावा लागतो. तिनं एक ओळ लिहिली : र, हलन्त, जोडचिन्ह दिसलं, की ‘ऱ’ आणि हलन्त ठेव. त्यानंतर एनएफसी आणि सर्वांत शेवटी क्वोट. यादी भरतानाही हेच आणि शोधतानाही हेच, नाहीतर चूक एका बाजूची दुसरीकडे जाऊन बसते.

मग एका लहान फाइलमध्ये तिनं ‘कुऱ्हा’ तिन्ही रीतींनी लिहून ठेवलं. प्रोग्राममध्ये काहीही बदललं, की ही फाइल आधी चालते. तिन्हींचा पत्ता ५४ खुणांचा आला, तरच पुढे जायचं.

(दृश्य : सकाळ. वडील खाटेवर बसून मोबाइलवर एका बोटानं टाईप करताहेत.)

“टाकू काय?”

“टाका न बाबा.”

क. उकार. ऱ शोधायला थोडा वेळ लागतो. हलन्त, ह, काना.

ते पडद्यावरचा आकडा पाहतात, उठून खिळ्यावरची वही काढतात आणि कालच्या ओळीशी ताडून बघतात.

“बरोबर हाये.”